शास्त्र कशास म्हणावे? हैदराबादेतील संगणकविद्येचा पूर्वेतिहास

मागील वर्षी एका देवस्थानच्या महाजनांनी एक लहानसा प्रश्न आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठविला. देवस्थानच्या एका जुन्या निधीच्या दानपत्रात असे शब्द आहेत की, ह्या रकमेचे व्याज ‘शास्त्राध्ययन करणाऱ्या आपल्या समाजातील विद्यार्थ्यांस’ द्यावे. दाते केव्हाच दिवंगत झाले. त्यांच्या काळी शास्त्राध्ययन म्हणजे व्याकरण, न्याय, ज्योतिष, फार तर आयुर्वेद. विद्यार्थी काशीस किंवा पुण्यास जावयाचा, नाहीतर एखाद्या मठाच्या पाठशाळेत राहावयाचा. त्या वर्षी मात्र अर्ज आला तो एका मुलीचा. तिने संगणकशास्त्रात पदवी घेतलेली. हैदराबादेस भाषा आणि संगणक ह्या विषयात पदव्युत्तर संशोधनासाठी तिची निवड झालेली. आणि कोकणी वाक्याची फोड यंत्राकडून कशी करवून घ्यावी, हा तिने योजलेला विषय.

ह्या अर्जावरून महाजनांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, संगणक हा व्यवसाय आहे, शास्त्र नव्हे. नोकरीसाठी शिकणाऱ्यास बँक कर्ज देते, त्यासाठी देवाच्या पैशाला हात कशाला लावावयाचा? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ह्याच्या अगदी उलट. ‘संस्कृत हीच संगणकास सर्वोत्तम भाषा होय, असे अमेरिकेच्या नासाने ठरविले आहे; तेव्हा संगणक हे मुळात आपलेच शास्त्र,’ असे एका वयोवृद्ध सभासदाने ठासून सांगितले. हे वाक्य वाचकांनीही अनेकदा ऐकले असेल. प्रवचनांत ते ऐकू येते, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, भ्रमणध्वनीवरून तर रोज फिरत असते.

आम्हांस दोन्ही युक्तिवाद लंगडे वाटले. पहिला आळसाचा, दुसरा अभिमानाचा; आणि अभिमानाने आळसच अधिक वाढतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून अभिप्राय देण्यापूर्वी आम्ही ह्या विषयाचा इतिहास धुंडाळला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम नासाची साक्ष तपासू. मूळ पुरावा असा : १९८५ साली अमेरिकेतील ‘एआय मॅगझिन’ ह्या नियतकालिकात रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. ब्रिग्ज हे नासाच्या एम्स केंद्रातील एका संशोधन संस्थेत काम करीत. लेख त्यांचा आहे. नासाचा ठराव नव्हे. संगणकास संस्कृतात आज्ञा द्याव्यात असेही त्यांनी म्हटलेले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, वाक्याचा अर्थ यंत्रात साठविण्यासाठी पाश्चात्त्य संशोधक ज्या जाळीदार आकृत्या रचू लागले होते, त्यांच्याशी भारतीय वैयाकरणांच्या शाब्दबोधाच्या पद्धतीचे विलक्षण साम्य आहे. वाक्यातील क्रिया मध्यभागी धरावयाची आणि कर्ता, कर्म, करण इत्यादींचे तिच्याशी असलेले नाते एकेक करून उलगडावयाचे, ही ती पद्धत. ह्यासाठी ब्रिग्ज यांनी भट्टोजी दीक्षित, कौंडभट्ट आणि नागेशभट्ट ह्या वैयाकरणांचा आधार घेतला.

ह्यांतील नागेशभट्ट कोण? काशीस राहून अठराव्या शतकात व्याकरणशास्त्राचा डोंगर उभा करणारे, काळे आडनावाचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. नासाचे नाव ज्या सभामंडपात दहा वेळा घेतले जाते, तेथे नागेशभट्टांचे नाव एकदाही घेतले जात नाही! परक्याच्या साक्षीवाचून आपल्या पूर्वजाचे मोल आपणांस कळत नाही; आणि ती साक्षही आपण मुळातून वाचीत नाही. न्यायालयात असा पुरावा कोणी पुढे केला असता, तर न्यायाधीशांनी तो ऐकीव म्हणून बाजूस सारला असता.

मग पाणिनीचे व्याकरण आणि संगणक ह्यांची खरी गाठ कोठे पडली? ती आपल्याच देशात पडली, आणि तिचा मोठा भाग हैदराबादेत घडला. परंतु ती गोष्ट कळण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

हैदराबाद म्हटले की आपल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चारमिनार आणि निजाम उभे राहतात. परंतु औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद ह्या पाच जिल्ह्यांची ती १९५६ पर्यंत राजधानी होती, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. मराठवाड्यातील मुलास वरचे शिक्षण घ्यावयाचे, तर तो हैदराबादची वाट धरी. तेथे १९१८ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, सर्व विषय उर्दूतून शिकवावयाचे. इंग्रजी अमदानीत, जेव्हा मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील विद्यापीठे इंग्रजीवाचून एक पाऊल टाकीत नव्हती, तेव्हा देशी भाषेतून वैद्यक, गणित आणि पदार्थविज्ञान शिकविण्याचे हे धाडस होते. त्यासाठी १९१७ सालीच भाषांतर-विभाग उघडण्यात आला होता. ‘दारुत्तर्जुमा’ हे त्याचे नाव. मौलवी अब्दुल हक हे त्याचे प्रमुख. शास्त्रीय परिभाषा घडविणे आणि ग्रंथांचे उर्दू भाषांतर करणे हे काम तेथे पुढे तीस वर्षे चालले.

ह्या प्रयोगाची थोरवी आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उर्दू ही थोड्यांची भाषा. तेव्हा इंग्रजीचे जोखड उतरले खरे, पण मराठी वा तेलुगू मुलाच्या मानेवर दुसरे चढले. मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळा लोकांना स्वतःच्या बळावर काढाव्या लागल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादेत उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही त्यांपैकीच होय. कोरटकर हे पेशाने वकील, पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. आमच्या व्यवसायातील मंडळींनी शाळा काढाव्यात, ही त्या काळची रीतच होती.

१९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. मराठी, तेलुगू, कन्नड मुलांनी ती मोडली, आणि शेकडो मुले विद्यापीठातून काढली गेली. त्यांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने. तेथील कुलगुरू टी. जे. केदार यांनी ह्या निर्वासित विद्यार्थ्यांसाठी दारे उघडली. त्यांत करीमनगर भागातला एक तेलुगू मुलगा होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. तो नागपुरास मराठी शिकला, वकिलीची पदवी घेऊन परतला. आणि पुढे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. ह्या विद्यार्थ्याची आणि आपल्या विषयाची पुन्हा गाठ पडणार आहे. म्हणून वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले, आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. दोन वर्षांनी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांचा हैदराबादचा ओघ आटला. तेलंगण मात्र आंध्राशी जोडले गेले. आणि तेथे एक जुना प्रश्न धुमसत राहिला. तो म्हणजे मुलकी नियमांचा. निजामाच्या १९१९ च्या फर्मानानुसार, सरकारी नोकरी ‘मुलकी’ माणसास, म्हणजे संस्थानात जन्मलेल्यास किंवा पंधरा वर्षे राहिलेल्यास मिळावयाची होती. राज्यघटना आल्यावर हे नियम टिकतात काय? ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते टिकतात असा निर्णय दिला. त्याबरोबर किनारी आंध्रात प्रचंड आंदोलन उसळले. त्या वेळी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते तेच पी. व्ही. नरसिंह राव. त्यांनी निर्णयाचे स्वागत केले, आणि जानेवारी १९७३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. राज्यावर राष्ट्रपती राजवट आली.

हा सारा वाद संगणकविद्येच्या इतिहासात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर राज्यघटनेतच आहे. सप्टेंबर १९७३ मध्ये उभयपक्षी जो समेट झाला तो सहासूत्री तोडगा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात एक कलम असे होते की, शिक्षणाच्या सोयी वाढविण्यासाठी हैदराबादेस एक केंद्रीय विद्यापीठ काढावे. त्यासाठी बत्तिसावी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद ३७१-ई घटनेत आला. एका विशिष्ट राज्यात विद्यापीठ स्थापण्याचा अधिकार संसदेस देणारा असा स्वतंत्र अनुच्छेद घटनेत असावा, ही गोष्ट विरळाच. त्याला अनुसरून १९७४ चा अधिनियम झाला, आणि २ ऑक्टोबर १९७४ रोजी हैदराबाद विद्यापीठ सुरू झाले. पहिले वर्ग भरले ते सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ ह्या घरात. पुढे गचीबावलीच्या खडकाळ माळावर विस्तीर्ण परिसर मिळाला. जे विद्यापीठ भांडणाच्या तडजोडीतून निघाले, तेथेच पुढे संगणक आणि माहिती-विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण रुजले. आणि भाषाशास्त्र, संस्कृत व संगणक ह्या तिन्ही विद्या एकाच आवारात नांदू लागल्या.

यंत्राची बाजूही थोडक्यात सांगितली पाहिजे. देशात बनलेला पहिला मोठा संगणक मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. पुढे तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात ‘टीडीसी-१२’ हा संगणक १९६९ साली सिद्ध झाला. ह्यातील पहिले अक्षरच ट्रॉम्बेचे. परंतु त्याचे उत्पादन करावयाचे ठरले हैदराबादेस. तेथे १९६७ साली डॉ. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘ईसीआयएल’, स्थापन झाली होती. भाभांच्या सहवासात तयार झालेल्या ह्या अभियंत्याने मुंबईची विद्या हैदराबादेस नेली. टीडीसी-३१२, टीडीसी-३१६ अशी यंत्रे सत्तरीच्या दशकात तेथून बाहेर पडली. आज हैदराबादेत परदेशी कंपन्यांचे उंच मनोरे दिसतात, आणि ह्या शहरास संगणक परवा-परवा भेटला असे नव्या पिढीस वाटते. ती समजूत निराधार आहे.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली संगणक आला होता, आणि तेथे ह्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देशात अगोदर सुरू झाले. तेथील राजीव संगल, विनीत चैतन्य आणि त्यांचे सहकारी १९८४ च्या सुमारास एका प्रश्नामागे लागले : भारतीय भाषांची एकमेकींत भाषांतरे यंत्राकडून करवून घेता येतील काय? ह्या मंडळींनी ‘अक्षर भारती’ ह्या सामायिक नावाने लेखन केले. व्यक्तीचे नाव मागे ठेवून संघाचे नाव पुढे करण्याची ही रीत आपल्या जुन्या ग्रंथकारांस शोभणारी आहे. इंग्रजीसाठी रचलेली व्याकरणे आपल्या भाषांस लावू गेल्यास ती तोकडी पडतात, असे त्यांना आढळले. कारण इंग्रजीत शब्दाचे स्थान अर्थ ठरविते; आपल्या भाषांत प्रत्यय तो ठरवितात, आणि शब्द हवे तेथे फिरू शकतात. तेव्हा ते पाणिनीकडे वळले.

एक उदाहरण घेऊ. ‘रामाने चाकूने आंबा कापला’ ह्या वाक्यात ‘ने’ हा प्रत्यय दोनदा आला आहे. कोकणीतही तेच : ‘रामान सुरयेन आंबो कापलो.’ प्रत्यय एकच. परंतु राम हा कापणारा आहे, चाकू कापण्याचे साधन आहे. चार वर्षांचे मूल येथे चुकत नाही. यंत्र मात्र चुकते. पाणिनीने विभक्ती आणि कारक ह्या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. विभक्ती म्हणजे शब्दाचे दिसणारे रूप. कारक म्हणजे क्रियेशी असलेले त्याचे नाते. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही ती सहा नाती. यंत्रास प्रथम शब्द फोडावयास शिकवावयाचे, मग क्रियापद ओळखावयास, आणि मग त्या क्रियापदास कोणकोणत्या कारकांची अपेक्षा असते हे पाहून प्रत्येक शब्दास त्याची जागा द्यावयास शिकवावयाचे. ‘कापणे’ ह्या क्रियेस कापणारा सजीव हवा, साधन चालेल निर्जीव. हे सांगितले की गुंता सुटतो. ‘रामाला आंबा हवा’ किंवा ‘रामाक आंबो जाय’ येथे दुसरा गुंता, आणि त्यास दुसरा नियम. अडीच हजार वर्षांपूर्वीचा विचार यंत्राच्या उपयोगी पडला तो असा. मंत्रसामर्थ्याने नव्हे, तर एकेका क्रियापदाचा एकेक तक्ता हाताने भरून.

ह्या कामाचे नाव ‘अनुसारक’. नव्वदीच्या दशकात ते हैदराबाद विद्यापीठात आले. तेथे १९८८ साली उपयोजित भाषाविज्ञान आणि भाषांतरविद्या ह्यांचे केंद्र निघाले होते. थोर भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्ती त्या वेळी कुलगुरू होते. तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबी आणि मराठी ह्या पाच भाषांतून हिंदीकडे नेणारे अनुसारक तयार झाले. त्यामागील कल्पना मोठी प्रामाणिक होती. यंत्राने सुंदर भाषांतराचा आव आणू नये. मूळ वाक्यातील माहिती सांडू न देता ती वाचकापुढे ठेवावी, आणि उरलेला उलगडा वाचकाने आपल्या व्यवहारज्ञानाने करावा. श्रमाची ही वाटणी होती. १९९५ साली ह्या पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९९८ साली हैदराबादेस आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. संगल हेच तिचे पहिले संचालक, आणि भाषा-तंत्रज्ञानाचे संशोधन केंद्र हा तिचा एक कणा ठरला. ज्या चित्तूर जिल्ह्यातील मुलाने पुढे अमेरिकेत जाऊन यंत्रास मनुष्याचे बोलणे ऐकावयास शिकविले आणि १९९४ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळविले, ते राज रेड्डी ह्या संस्थेच्या नियामक मंडळाचे दीर्घकाळ अध्यक्ष होते.

संस्कृतचेही काम तेथे झाले. हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात अंबा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधी सोडविणारी, पदे ओळखणारी आणि वाक्याचा अन्वय लावणारी साधने सिद्ध केली. जानेवारी २००९ मध्ये संस्कृत आणि संगणकीय भाषाविज्ञान ह्यांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादेतच भरली. तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादनात फ्रान्सचे जेरार ह्युए हे कुलकर्णी यांचे सहसंपादक होते. जे पाश्चात्त्य विद्वान ह्या विषयात उतरले त्यांनी संस्कृत शिकण्याचे कष्ट घेतले. जे आपले विद्वान उतरले त्यांनी गणित आणि संगणक शिकण्याचे. दोहोंपैकी एक टाळून कोणासही हा पल्ला गाठता आलेला नाही. महाजनांच्या सभेतील दुसऱ्या पक्षास आमचे हेच उत्तर आहे. संगणक आपले शास्त्र आहे असे म्हणण्याचा अधिकार त्यांचा, ज्यांनी ते शिकून त्यात आपल्या शास्त्राची भर घातली.

पहिल्या पक्षासही उत्तर दिले पाहिजे. व्यवसायासाठी घेतलेली विद्या ती हलकी, हा विचार आपल्या समाजास शोभत नाही. मंगळूरचे अम्मेंबळ सुब्बराव पै हे कोकणीभाषक, पेशाने वकील. त्यांनी १८९१ साली कॅनरा हायस्कूल काढले आणि १९०६ साली जो ठेव-निधी काढला त्याचीच पुढे कॅनरा बँक झाली. शाळा आणि पेढी ही त्यांच्या दृष्टीने एकाच कार्याची दोन अंगे होती. आज बँकेचा व्यवहार वहीवर चालत नाही. माहितीच्या व्यवस्थेवर चालतो. ती व्यवस्था कशी रचावी आणि कशी सुरक्षित ठेवावी ह्याचे शिक्षण-संशोधन करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९९६ साली जी संस्था काढली, तीही हैदराबादेतच. आणि हैदराबाद विद्यापीठाच्या सहकार्याने तिने पदव्युत्तर शिक्षणही दिले. सुब्बराव पै आज असते, तर त्यांनी आपल्या शाळेतला एखादा हुशार मुलगा तेथे धाडला असता, ह्याविषयी आम्हांस संशय नाही.

आता त्या नागपूरच्या विद्यार्थ्याकडे वळू. नरसिंह राव १९९१ साली पंतप्रधान झाले. उतारवयात ते स्वतः संगणक चालवावयास आणि त्यावर आज्ञावली लिहावयासही शिकले होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ साली, एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोकणी भाषा आठव्या अनुसूचीत आली. साहित्य अकादेमीने तिला १९७५ साली, गोव्याच्या राजभाषा अधिनियमाने १९८७ साली आधीच मान दिला होता; घटनेचा मान आता मिळाला. जी भाषा अनुसूचीत आहे तिच्यासाठी सरकारी भाषा-तंत्रज्ञानाच्या योजनांत पान मांडले जाते. परंतु पान मांडले म्हणजे वाढले असे नव्हे.

कारण गेल्या दहा-बारा वर्षांत पद्धतच पालटली आहे. नियम हाताने लिहिण्याऐवजी, कोट्यवधी वाक्ये यंत्रापुढे ओतावयाची आणि त्यातून त्याने आपण होऊन शिकावयाचे, अशी आता रीत आहे. २०२२ साली केंद्र सरकारने ‘भाषिणी’ ही योजना सुरू केली, तीही बऱ्याच अंशी ह्याच रीतीवर चालते. ज्या भाषेचे लिखाण विपुल, तिला ही रीत फळते. जिचे तुटपुंजे, ती मागे पडते. मराठीची स्थिती बरी आहे. कोकणीची बिकट, कारण तिचे लिखाण मुळात थोडे, आणि तेही देवनागरी, रोमी, कन्नड, मलयाळम् अशा लिप्यांत विखुरलेले. अशा वेळी जुन्या व्याकरणाचा मार्ग पुन्हा उपयोगी पडतो. थोड्या वाक्यांवर नियमांची जोड दिली, तर यंत्र लवकर शिकते. गोवा विद्यापीठात कोकणीचे शब्दजाल तयार झाले ते ह्याच दिशेचे काम. आमच्या अर्जदार मुलीने जो विषय निवडला त्याचे मोल आम्हांस येथे कळले. हे काम कोणा परकीय कंपनीस करावयाची निकड नाही. कोकणी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनी ते केले नाही, तर ते होणार नाही. आणि मग आपली नातवंडे यंत्राशी बोलतील ती दुसऱ्याच्या भाषेत.

उस्मानियाच्या इतिहासातून आम्ही हाच बोध घेतो. दारुत्तर्जुमाने उर्दूसाठी तीस वर्षे जे केले ते मराठीसाठी, तेलुगूसाठी तेथे कोणी केले नाही. म्हणून आपल्या मुलांस परक्या भाषेतून शिकावे लागले. राजाश्रय ज्या भाषेस मिळाला ती शास्त्राची भाषा झाली, बाकीच्या घरात राहिल्या. आज राजाश्रयाच्या जागी यंत्राश्रय आला आहे, एवढाच फरक.

आमचा लेखी अभिप्राय शेवटी असा गेला. दानपत्रातील शब्दाचा अर्थ लावताना दात्याचा हेतू पाहावा लागतो. दात्यास विशिष्ट पोथ्या अभिप्रेत नव्हत्या. नियमबद्ध विद्येचे कष्टाने केलेले अध्ययन अभिप्रेत होते, आणि व्याकरण हे त्यांच्या काळीही शास्त्रच होते. व्याकरणाच्या आधारे भाषेची फोड करणे, मग ती पाटीवर असो वा यंत्रावर, ह्या अर्थाच्या बाहेर जात नाही. सबब ह्या अर्जदारास साहाय्य देता येते. केवळ संगणक शिकणाऱ्या प्रत्येकास ते देता येईलच असे मात्र नाही. तशी इच्छा असल्यास महाजनांनी त्यासाठी निराळा निधी उभारावा, आणि तो उभारणे हितावह होईल.

महाजनांनी पहिल्या वर्षाचे साहाय्य मंजूर केले. पुढील वर्षांचा निर्णय प्रगती पाहून घ्यावयाचा ठरले. निराळ्या निधीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि तो तेथेच रेंगाळणार नाही अशी आम्ही आशा करतो.

पहिली सहामाही संपल्यावर त्या मुलीचे महाजनांस पत्र आले. त्यात पैशाची मागणी नव्हती. देवस्थानच्या दप्तरात आणि महाजनांच्या घरोघरी जुन्या कोकणी चिठ्ठ्या, गाणी, नाटकांच्या वह्या, पाककृती, कौलप्रसादाच्या नोंदी असे जे काही असेल, त्याच्या प्रती मिळतील काय, असे तिने विचारले होते. तिच्या यंत्रास शिकविण्यासाठी वाक्ये हवी आहेत. दप्तर उघडले तेव्हा बरेच कागद मोडीत निघाले. मोडी वाचणारे त्या महाजनांत आता दोघेच उरले आहेत, आणि दोघांचेही वय ऐंशीपुढे आहे. त्यांनी कागद वाचावयास बसण्याचे मान्य केले आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर अशी बासने असतील, त्यांनी ती पावसाळ्यापूर्वी खाली काढावीत, एवढीच आमची विनंती आहे.